शनिवारी रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरावर येण्याआधी एवढे वाचून या

समाजकार्य अभ्यासगटातील सर्वांसाठी: सकाळी ६ ला जेटीवर हजर राहा. मासळीचा लिलाव भराभर उरकतो, उशीर झाला तर हाती फक्त किरकोळ भाव लागतील. प्रत्येक भावासोबत मासळी, आकार, वेळ आणि एकक लिहा. टोपलीचा भाव नि किलोचा भाव एकाच रकान्यात पडला की अख्खा तक्ता वाया.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्यावर ‘मागणी कमी झाली’ असे लिहू नका. पुरवठा वक्र डावीकडे सरकतो, म्हणजे त्याच भावाला आधीपेक्षा कमी मासळी बाजारात येते, भाव चढतो आणि लोक त्याच मागणी वक्रावर वर सरकून कमी मासळी घेतात. हा मागणीचा संकोच, ऱ्हास नव्हे; ऱ्हासात अख्खा मागणी वक्रच डावीकडे सरकतो. सुक्या बोंबलाचा मागणी वक्र मात्र खरोखर उजवीकडे सरकतो, कारण तो ताज्या मासळीला पर्याय आहे.

खलाशांची मजुरी विचारलीत की वास्तव मजुरीही काढा: मजुरी भागिले किंमत निर्देशांक (एकूण भावपातळी दाखवणारा आकडा), गुणिले १००. मजुरी ५०० ची ५५० आणि निर्देशांक १०० चा ११० झाला, तर खरेदीशक्ती होती तिथेच आहे. बंदीत काम न शोधणारा खलाशी बेरोजगारीच्या दरात येत नाही, त्याला श्रमशक्तीबाहेर, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या बेरजेबाहेर, धरतात. म्हणून नुसत्या दरावर विसंबू नका. त्या दोन महिन्यांत घर कशावर चालते, उचल किती घेतली, हे आवर्जून विचारा.