चेहरा लक्षात राहत नाही म्हणून

सातारा, रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यापासून तुझा प्रश्न मनातून जात नाही. कविता एकदा वाचली की पाठ होते, डोळ्यांना चष्मा नाही, मग माणसांचे चेहरेच का लक्षात राहत नाहीत? फोनवर तुझा आवाज इतका भरून आला होता की तेव्हा काही समजावत बसावंसं वाटलं नाही. आता निवांत लिहिते.

तू दिलेली ती चाचणी फार विचारपूर्वक बनवलेली आहे. सहा अनोळखी चेहरे पाहून ठेवायचे आणि मग प्रत्येक वेळी तिघांतून ओळखीचा निवडायचा, असे ७२ प्रश्न. केस आणि कपडे त्यात मुद्दाम दाखवत नाहीत, कारण तुझ्यासारखी माणसं नेमकी त्यांवरच भिस्त ठेवून असतात. डोळे मिटून उत्तरं दिली तरी सरासरी २४ बरोबर येतील. तुझे गुण त्याहून फारसे वर नाहीत, याचा तुझ्या हुशारीशी किंवा स्मरणशक्तीशी काडीचाही संबंध नाही. चेहरा ओळखण्याचं काम मेंदूत बरंच वेगळं चालतं.

कानाच्या पातळीला, मेंदूच्या खालच्या बाजूला, एक छोटा भाग आहे. बहुतेकांच्यात तो उजवीकडे जास्त प्रबळ असतो. १९९७ मध्ये अमेरिकेत नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं दाखवली. घरं, वस्तू, हात पाहताना हा भाग बेताचंच काम करी, चेहरा समोर आला की एकदम जोमाने कामाला लागे. आणि चेहरा वाचण्याची मेंदूची रीतही निराळी. नाक, डोळे, ओठ सुटे सुटे न घेता त्यांची एकमेकांत असलेली ठेवण तो एका झटक्यात पकडतो. म्हणून तर चेहरा उलटा झाला की भल्याभल्यांची गाडी अडते. पीटर थॉम्पसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड तेवढे कापून उलटे चिकटवले. तो फोटो खाली डोकं वर पाय करून पाहिला तर फारसं काही खटकत नाही. सरळ केला की अंगावर काटा येतो! बारावीच्या वर्गात मी तो दाखवते तेव्हा मागच्या बाकांवरूनसुद्धा ‘ई’ असा आवाज येतो. ही एका नजरेत ठेवण पकडण्याची जी सोय आहे, तीच तुझ्याकडे कमी पडते. नाक तुला दिसतं, डोळे दिसतात, समोरचा रागावलाय की हसतोय तेही कळतं. तो कोण, एवढंच कळत नाही.

याला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव १९४७ मध्ये योआखिम बोडामर या जर्मन मेंदूतज्ज्ञाने दिलं. डोक्याला गोळी लागलेला एक तरुण त्याच्याकडे होता. घरचे लोक सोड, आरशातला स्वतःचा चेहराही त्याला ओळखता येत नसे, पण आवाजावरून आणि चालीवरून माणसं कळत. तुझं तसं नाही, तुला कुठे मार लागलेला नाही. तुझा प्रकार जन्मापासूनचा, आणि तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. शंभरात साधारण दोघांना असावा असा अंदाज आहे. बऱ्याचदा तो घराण्यात चालत येतो. तुझे आजोबा दुकानात गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत कुणाचंही नाव घेत नसत. ‘बोला, काय देऊ?’ म्हणायचे आणि उत्तर आलं की लगेच ‘अरे, या या!’ तपासणी काही कुणी केली नाही, पण मला आता राहून राहून तेच आठवतं.

एक गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटते. १९८५ मध्ये डॅनियल ट्रॅनेल आणि अँटोनिओ डमॅसिओ यांनी असे दोन रुग्ण तपासले. ओळखीच्यांचे फोटो दाखवले तर दोघांनाही कोण ते सांगता येईना. पण हाताच्या त्वचेला जोडलेलं यंत्र मात्र नेमकं त्याच फोटोंना प्रतिसाद नोंदवत होतं. आणि याच्या बरोबर उलटही घडतं. १९२३ मध्ये जोसेफ काप्ग्रा यांनी नोंदवलेल्या आजारात माणूस आईचा चेहरा बरोबर ओळखतो आणि तरी म्हणतो, ही माझी आई नव्हे, तिच्यासारखी दिसणारी कुणी दुसरीच आहे. म्हणजे कोण आहे हे कळणं आणि आपलं माणूस वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या वाटा आहेत. तेव्हा एसटी स्टँडवर मी हाक मारेपर्यंत तू माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहतेस, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला त्याचं कधीही वाईट वाटलेलं नाही.

औषध नाही. सरावानेही थोडाच फरक पडतो. पण तुझी तू केवढं शोधून काढलं आहेस! शाळेत सगळ्याच मुलींना तोच गणवेश, त्याच दोन वेण्या, त्याच लाल रिबिनी, आणि तू सायलीला दप्तराच्या तुटक्या बंदावरून शोधायचीस. दप्तर बदललं त्या दिवशी रडत घरी आली होतीस. लग्नात तू का गांगरतेस तेही यातच आलं. सीमंतपूजनाला मामी एका साडीत, मुहूर्ताला शालू आणि खोपा, रिसेप्शनला केस मोकळे. तू धरून ठेवलेली प्रत्येक खूण दिवसातून तीनदा पुसली जाते. त्यात कुणीतरी दंड धरून विचारणार, ‘ओळख बघू मी कोण?’ हा प्रकार मला मुळीच आवडत नाही, आणि नेहाताईच्या लग्नात मी तो चालू देणार नाही.

हॉस्टेलवर मुली तुला शिष्ट म्हणतात, भाव खाते म्हणतात. त्यांना सांगून टाक, आणि पहिल्याच भेटीत सांग. ‘मला चेहरे लक्षात राहत नाहीत, भेटलीस की नाव सांगत जा,’ एवढं एक वाक्य पुरे. जेन गुडॉल यांनाही हा त्रास होता आणि त्या तो उघड सांगत. चक क्लोज हा अमेरिकन चित्रकार तर आयुष्यभर माणसांचे भिंतीएवढे चेहरेच रंगवत राहिला. फोटोवर चौकटी आखायचा आणि एकेक चौकोन कॅनव्हासवर उतरवायचा. समोरचं हलतं तोंड लक्षात राहत नसे, सपाट झालेलं राहत असे, असं तो सांगायचा. त्याची चित्रं मिळाली तर जरूर बघ.

लग्नाला मी सकाळपासून तुझ्या शेजारीच असेन आणि येणाऱ्याचं नाव मोठ्याने घेईन. मामीला आणि काकूला आधी सांगून ठेवायचं आहे, म्हणजे त्या समोर आल्या की ‘मी मामी’ म्हणतील. त्यांना मी फोन करू की तुला स्वतः बोलायचंय, ते बुधवारपर्यंत कळव.

तुझी,
आई