शेवटच्या तासावर खापर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्यायाम करताना कोसळून दगावलेल्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांची बातमी आपण छापलीत. त्यानंतर आलेली वाचकांची पत्रंही मी वाचली. कुणी वजनांना दोष दिला, कुणी प्रोटीन पावडरीला, कुणी रात्रीच्या जागरणाला. एका पत्रलेखकाने तर चाळिशीनंतर जिमला जाऊच नये, असा फतवाच काढला. या सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाला त्या दिवशी सकाळी काय घडलं, एवढंच शोधायचं होतं.

माझी सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये झाली. मृत्यूच्या कारणाचे दाखले तपासायचे आणि त्यांना सांकेतिक क्रमांक द्यायचे, हे माझं काम. हा दाखला जगभर साधारण एकाच साच्याचा असतो. पहिल्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे, अशा उतरत्या ओळी असतात. सर्वांत खालच्या ओळीत येतं ते मूळ कारण आणि मृत्यूच्या आकडेवारीत साधारणपणे तेच धरलं जातं. उजवीकडे एक अरुंद रकाना असतो: आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत गेलेला काळ. नीट भरलेल्या दाखल्यात वरच्या ओळीसमोर ‘एक तास’ असतं, मधल्या ओळीसमोर ‘आठ वर्षे’ आणि खालच्या ओळीसमोर ‘वीस वर्षे’. पण असे दाखले हाती क्वचितच यायचे. बरेचदा रकाना कोराच असे आणि पहिल्या ओळीत नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मेलंय आजवर? असा दाखला मी परत पाठवला की नवे डॉक्टर वैतागायचे.

आपल्या वाचकांनी चर्चा केली ती फक्त वरच्या ओळीची. उजवीकडचा रकाना भरायला घेतला, तर तो किती मागे जाईल?

१९५३ साली कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय बावीस. सैन्यात भरती होताना तपासून घेतलेली, धडधाकट पोरं. त्यांतल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. कुठे नुसता जाडसरपणा होता, तर मोजक्या जणांत वाहिनी पुरती बुजलेली होती. पुढे अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात १९७३ पासून शाळकरी मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यांतली जी मुलं अपघातासारख्या कारणांनी दगावली, त्यांच्या धमन्यांत चरबीचे पट्टे दिसले. जिवंतपणी ज्यांचं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि वजन जास्त नोंदलं गेलं होतं, त्यांच्यात ते अधिक.

म्हणजे आजार शाळेच्या वयातच पाय रोवतो. मग चाळिशीपर्यंत काहीच का कळत नाही? कोलेस्टेरॉल वाहणारे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथे अडकतात. त्यांना गिळायला आलेल्या पेशी चरबीने फुगून तिथेच मरतात आणि त्या ढिगावर शरीर एक तंतुमय टोपण बसवतं. या काळात धमनी स्वतः बाहेरच्या बाजूला फुगत जाते. त्यामुळे भिंतीतला थर बराच वाढला, तरी रक्त वाहण्याची आतली वाट आधी होती तेवढीच राहते. वाट मोकळी, म्हणून छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, ट्रेडमिलवरची तपासणीही बरेचदा सुरळीत पार पडते. मग एके दिवशी ते टोपण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि मिनिटांत सगळा खेळ आटोपतो. फाटणारा थर पुष्कळदा वाट फारशी न अडवणारा असतो. ‘परवाच तर रिपोर्ट नॉर्मल आला होता’ हे घरच्यांचं म्हणणं खोटं नसतं.

जिमला दोष देणाऱ्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. सवय नसलेल्या माणसाने एकाएकी जोर लावला, तर टोपण फाटायला तेवढं निमित्त पुरतं. पण व्यायाम नेहमी करणाऱ्याला हा धोका कितीतरी कमी असतो आणि मुळात थर साचलेला असल्याशिवाय असला झटका सहसा येत नाही. (तरुणांतले काही मृत्यू हृदयाच्या स्नायूच्या जन्मजात दोषाने होतात, ती गोष्ट वेगळी.)

इतर जुनाट आजारांची चालही फारशी निराळी नाही. मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेली, तरी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतं. ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत डोळे, नसा किंवा रक्तवाहिन्यांवर परिणाम झाल्याच्या खुणा निदानाच्या दिवशीच हजर होत्या. फुफ्फुसांची ताकद विशीत कळसाला पोचते आणि मग उतरू लागते. लहानपणी वारंवार छाती भरलेल्या किंवा धुरात वाढलेल्या मुलाचा तो कळसच बुटका राहतो.

इथे मला आपल्याकडच्या तपासण्यांबद्दल बोलायचंय. आपण रिपोर्ट उभा वाचतो. आकड्यापुढे तो मर्यादेबाहेर असल्याची चांदणी छापली आहे का, एवढंच बघायचं आणि नसेल तर कागद फाइलला लावायचा. समजा, उपाशीपोटीची साखर एका वर्षी ८६ आली, काही वर्षांनी ९३, मग ९८. तिन्ही कागद निर्दोष. पण तेच कागद शेजारी ठेवून आडवे वाचले, तर आकडा कुठल्या दिशेला निघालाय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. रक्तदाबाचंही तसंच. दहा लाख लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. चाळीस ते एकोणसत्तर या वयोगटात वरचा दाब ११५ पासून पुढे प्रत्येक वीस अंकांनी वाढला, की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होत गेला. १४० या आकड्याच्या अलीकडे धोका नाही आणि पलीकडे आहे, असं त्यात कुठेच दिसलं नाही. १४० ही रेघ उपचार कधी सुरू करायचे ते ठरवायला माणसाने ओढली आहे, शरीराला ती ठाऊक नाही.

विडी-सिगरेटच्या बाबतीत डॉक्टर हा हिशेब करतात. रोजची पाकिटं गुणिले वर्षं, याला ते पॅक-इयर म्हणतात. कोलेस्टेरॉलचा आणि रक्तदाबाचा हिशेब तसाच का करू नये? काही माणसांत जन्मतःच एका जनुकात बदल असतो आणि त्यामुळे त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल आयुष्यभर थोडं कमी राहतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पाहणीत अशा लोकांचं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी भरलं, आणि पंधरा वर्षांतला हृदयविकाराचा धोका मात्र ८८ टक्क्यांनी कमी. पन्नाशीत गोळी सुरू करून तेवढंच कोलेस्टेरॉल उतरवलं, तर एवढा मोठा फरक पडत नाही. गोळी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पन्नास वर्षांचा साठा तिच्या आधीचा असतो, इतकंच.

आता थोडं रेकॉर्डवालीच्या जिव्हाळ्याचं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख आरोग्य-परिचारिका होत्या. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन नोंदवायचं, वर्षभर घरी जाऊन बघायचं आणि वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायचं, अशी शिस्त त्यांनी लावली. त्या वह्या जपल्या गेल्या. काही दशकांनी संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या चमूने त्या मिळवल्या, १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ मुलग्यांचा पुढचा माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. वर्षाचं असताना ८.२ किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण १२.३ किलो किंवा त्याहून जास्त भरलेल्यांच्या अडीचपटींहून जास्त होतं. कमी वजनाचं प्रत्येक बाळ पुढे हृदयरोगी होतं, असं मुळीच नाही. पण दाखल्यावरचा तो कोरा रकाना पाळण्यापर्यंत मागे नेता येतो, हे या वह्यांनी दाखवलं. आणि वजन काट्यावर नीट बघून वहीत उतरवणाऱ्या त्या बायकांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

हे सगळं वाचून ‘ज्याने त्याने आपल्या सवयी सांभाळाव्यात’ एवढाच निष्कर्ष कुणी काढला, तर तेही मला मान्य नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे एकाच शहरात, पक्क्या नोकरीतले, कचेरीत बसून काम करणारे पुरुष. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषण, लहानपणी श्वासात गेलेली हवा, साहेबाच्या हाताखाली काढलेली वर्षं, यांतलं काय त्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनी स्वतः निवडलं होतं?

आणि हातात असलेल्या गोष्टींचं मोलही वयागणिक बदलतं. संशोधक रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं नजर ठेवली. आयुष्यभर सिगरेट ओढणाऱ्यांची सरासरी दहा वर्षं गेली. साठीत सोडणाऱ्यांना त्यांतली तीन परत मिळाली, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी. ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्या साठीच्या गृहस्थांनी त्या तीन वर्षांचा विचार करावा. ‘अजून वय कुठे झालंय’ म्हणणाऱ्या तिशीतल्यांना काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये असंसर्गजन्य (हृदयविकार, कर्करोग, मधुमेह अशा) आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख माणसं गेली. त्यांतली १ कोटी ८० लाख सत्तरीच्या आत, आणि या अकाली मृत्यूंपैकी ८२ टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. वर्तमानपत्रांत बहुधा पहिला आकडा छापून येतो, खरं तर दुसरा यायला हवा. तिशीतला माणूस सत्तरीच्या आत या आजारांनी जाण्याची शक्यता २०१५ च्या तुलनेत एक-तृतीयांशाने उतरवायची, असं संयुक्त राष्ट्रांनी २०३० साठी ठरवलंय. (मी सत्तरी ओलांडली आहे. आकडेवारीच्या लेखी आता मला ‘अकाली’ मरता येणार नाही.)

पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर आपल्या वार्ताहराने सकाळच्या घडामोडींबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: शेवटचा रक्तदाब कधी मोजला होता आणि घरात आधी कुणी पन्नाशीच्या आत गेलं होतं का. पहिल्याचं उत्तर बहुधा ‘माहीत नाही’ येईल, कारण जगात उच्च रक्तदाब असलेल्या जवळपास निम्म्या प्रौढांना आपल्याला तो आहे, याचा पत्ताच नाही. दुसरा प्रश्न मात्र नेटाने विचारावा. सुमारे अडीचशे माणसांत एकाला वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासूनच भरमसाट असण्याचा आनुवंशिक दोष असतो, आणि तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. लहान वयात कळलं, तर त्यावर चांगले उपचार आहेत. तेव्हा चाळिशीतल्या मृत्यूची बातमी छापताना तिच्याखाली एक ओळ छापत जा: मृताच्या भावंडांनी आणि मुलांनी, मुलं शाळेत जाणारी असली तरी, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त, रेकॉर्ड सेक्शन)