रेकॉर्डी देऊन टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. नवं घर लहान आहे, सामान निम्मं करायचं वहिनींनी ठरवलंय, हे सगळं पटलं. पण ‘नानांच्या रेकॉर्डी, आपल्या कॅसेटी, सीड्या सगळं देऊन टाकतोय, आता सगळं फोनवर मिळतंच’ या वाक्यापाशी मी अडलो. निर्णय तुझाच आहे. तरी तो घेण्याआधी माझं म्हणणं पुरतं ऐकून घे. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि एकदा गेलेला संग्रह पुन्हा जमत नाही.

आवाज तबकडीचाच सरस, असा दावा करायला मी हे लिहीत नाही. १९८२ साली बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेते, आणि आपल्या कानांना ऐकू येणारं जवळजवळ सगळं तेवढ्यात मावतं. फ्लॅक जातीची फाइल तेच माप जसंच्या तसं, साधारण निम्म्या जागेत ठेवते. त्यामुळे फाइल म्हटली की आवाज निकृष्ट, असं मानायचं कारण नाही. एमपी३चं तेवढं वेगळं. मोठ्या आवाजाच्या सोबत वाजणारे काही बारीक आवाज कानाला कळत नाहीत, हे हेरून ते त्यातून काढूनच टाकतात. आपण पूर्वी हौसेने उतरवून घेतलेल्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहितीच्या, फायलींत सीडीच्या जेमतेम अकराव्या हिश्श्याइतकी माहिती आहे. मोठ्या वाद्यमेळाच्या गाण्यात हे जाणवत नाही. पण नुसता तानपुरा चालू असताना त्याची जवारी, म्हणजे तारांचा तो भरलेला झंकार, कान देऊन ऐक, दुधात पाणी घातल्यासारखी लागते. शिवाय विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे काही प्लेअरवर क्षणभर शांतता पडते. सीडीवर तिथे खंड नसतो. एमपी३ बनवताना फायलीच्या टोकांना थोडी निःशब्द जागा जोडली जाते, तिचा हा परिणाम. समेवर आणून सोडलेला ख्याल असा मधेच तुटला की मला अजून त्रास होतो.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. तू ज्याला ‘फोनवर मिळतं’ म्हणतोस, ते तुझं नाही. दरमहा पैसे भरून तुला फक्त ऐकायची परवानगी मिळते. परवानगी देणारी कंपनी आणि गाण्याचे हक्कदार यांच्यातला करार संपला की गाणं जातं. यादीत नुसतं नाव करडं होऊन राहतं, दाबलं तरी वाजत नाही. विकत घेतलेल्या डाऊनलोडची स्थितीही सुरुवातीला फारशी बरी नव्हती. फायलींना कुलूप असायचं आणि किल्ली दुकानदाराच्या सर्व्हरवर. एप्रिल २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एमएसएन म्युझिक या त्यांच्या दुकानातून घेतलेल्या गाण्यांना त्या ऑगस्टनंतर नव्या किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे कॉम्प्युटर बदलला की पैसे मोजून घेतलेलं गाणं मुकं. ओरड झाल्यावर त्यांनी मुदत वाढवली, पण असं होऊ शकतं हे सगळ्यांना कळून चुकलं. जानेवारी २००९मध्ये ॲपलने आपल्या दुकानातल्या सगळ्या गाण्यांची कुलपं काढायचं जाहीर केलं, तेव्हा कुठे डाऊनलोड केलेली फाइल घेणाऱ्याच्या ताब्यात आली असं म्हणता येईल.

म्हणून मी डाऊनलोडच्या विरोधात नाही, हे नीट लक्षात घे. कुलूप नसलेली, पूर्ण प्रतीची फाइल, जी तुझ्या डिस्कवर आहे आणि जिच्या प्रती तू आणखी दोन ठिकाणी ठेवल्या आहेस, ती मला तबकडीच्याच पंगतीतली वाटते. नव्या, स्वतंत्रपणे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांना तर तोच एक परवडणारा मार्ग आहे. अशा फायली मी स्वतः घेतो. माझं भांडण आहे ते हातातली वस्तू टाकून देऊन नुसत्या परवानगीवर विसंबण्याशी.

आणि फाइल तुझी असली तरी एक गोष्ट तिला जमत नाही. नानांनी कितीतरी रेकॉर्डी लोकांना देऊन टाकल्या, कितीतरी दुसऱ्यांकडून घेतल्या. त्यात कुणालाच काही विचारावं लागलं नाही. एकदा विकलेली प्रत पुढे कुणाला द्यायची हे घेणारा ठरवेल, विकणारा नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका पुस्तकाच्या खटल्यात १९०८ सालीच मान्य केलं. तेच तत्त्व फायलींना लावून रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी विकायचं दुकान काढलं. कॅपिटल रेकॉर्ड्सने खटला भरला. २०१३ साली निकाल रीडिजीच्या विरोधात गेला आणि २०१८ साली अपिलातही तोच कायम राहिला. कारण असं, की फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवताना तिथे नवी प्रत तयार होते, आणि प्रत करायचा हक्क विकत घेणाऱ्याला नाही. म्हणजे तिथल्या कायद्याने तबकडी हातातून हातात जाऊ शकते, फाइल नाही. नानांकडून तुझ्याकडे जे आलं ते तू उद्या लेकीला देऊ शकशील. महिन्याच्या वर्गणीतून तिच्याकडे काय जाणार आहे?

‘कंपन्यांकडे मूळ टेप असतातच की’ असं तू म्हणशील, म्हणून हेही सांगून टाकतो. १ जून २००८ला हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, तीत ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेपांचं कोठारही होतं. नेमकं किती जळालं यावर अजून वाद आहे, पण काय गेलं याची चर्चा उघडपणे व्हायला २०१९ साल उजाडलं. त्याच २०१९ साली मायस्पेस या सोशल नेटवर्कने कबूल केलं की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिथे चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना नाहीसं झालं. कोट्यवधी गाणी! त्यातल्या कितीतरी हौशी गवयांनी आपली दुसरी प्रत ठेवलीच नसेल. उलट बाजूला बघ. अमेरिकेतली पॅरामाउंट ही ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, रेकॉर्डी काढणारी कंपनी १९३०च्या दशकात बंद पडली आणि ज्यांवरून तबकड्या छापतात त्या तिच्या धातूच्या मूळ मुद्रा बहुतेक भंगारात गेल्या. तरी चार्ली पॅटन आणि सन हाऊस हे तिचे ब्लूज गायक आज आपल्याला ऐकायला मिळतात. कुणाच्या तरी घरी राहिलेल्या, झिजलेल्या तबकड्यांवरून ते गाणं परत उतरवलं गेलं. काहींच्या तर बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती सापडल्या. त्या प्रती सांभाळणाऱ्या घरांना आपण केवढं काम करतो आहोत याची कल्पनाही नसेल. नानांचं कपाट हे असंच एक घर आहे असं मला वाटतं.

आता ७८च्या रेकॉर्डींबद्दल, कारण ‘त्या तर सगळ्या इंटरनेटवर आहेत’ असं तू लिहिलंस. आहेत, पण कशा आहेत ते ऐकलंस का? सुरुवातीच्या काळात तबकडीचा वेग सगळीकडे एकसारखा नव्हता. ७८ हे नाव पुढे रूढ झालं. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली रेकॉर्ड कुणी ७८वर वाजवून चढवली असेल, तर आवाज जवळजवळ एका पट्टीने वर सरकतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, लय पळते, तान कृत्रिम वाटायला लागते, आणि ऐकणारा म्हणतो, ‘जुने लोक असंच गात असावेत.’ एकदा चुकीच्या वेगाने उतरवलेली फाइल मग दहा ठिकाणी तशीच पसरते. त्यावरची खरखर काढलीही असेल, पण त्याबरोबर सारंगीचा कसही गेलेला असतो. मूळ तबकडी कुणाच्या तरी हातात असली तरच कधीतरी वेग जुळवून ते गाणं पुन्हा नीट ऐकता येईल. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करायची जी विद्या त्या पिढीने साधली, ती अशा विटलेल्या प्रतींवरून कशी कळणार?

आणि नावं. साथीला कोण आहे हे तुझा फोन तुला सांगतो का? रागाचं नाव चुकीचं, गायकाच्या जागी कंपनीचं नाव, सारंगीवाला आणि तबलजी तर बहुतेक वेळा नाहीतच. एलपीच्या, म्हणजे पुढे आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डीच्या, कव्हराच्या पाठीवर ते सगळं छापलेलं असे, लेबलावर क्रमांक असे, त्यावरून मुद्रणाचा काळ काढता येई. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. तबकड्या पुढे जर्मनीत हॅनोवरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना गाणं कुणाचं हे त्यावरून कळायचं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. मला त्या रीतीचं फार अप्रूप आहे. नाव गाण्याच्याच खोबणीत कोरलेलं, कुणी लेबल फाडलं तरी पुसता येणार नाही.

नानांनी तर त्यापुढे जाऊन कव्हरांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. कुठल्या दिवशी आणली, कुणाबरोबर ऐकली, ‘दुसरी बाजू आधी लावावी’, ‘अंतऱ्यातला कोमल धैवत पहा’. मला ऐकायला शिकवलं ते या टिपांनी. तुझ्या घरी येऊन मी रेकॉर्ड ऐकायचो तेव्हा आधी कव्हर वाचायचो आणि मग नाना काय दाखवताहेत ते शोधत बसायचो. ही अक्षरं कुठल्या फायलीत जाणार?

जाता जाता एक सांगतो. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानं सोडली, तेव्हा पृथ्वीवरचे आवाज त्यांच्याबरोबर पाठवले ते सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. बरोबर सुई दिली, आणि झाकणावर ती कशी लावायची, किती वेगाने फिरवायची याची चित्रं कोरली. तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. २०१२ साली त्यातलं पहिलं यान सूर्याचा वारा पोचतो त्या हद्दीच्याही पलीकडे गेलं. वाजवणाऱ्याकडे ना खातं ना वर्गणी, तरी खोबण आणि सुई असली की गाणं वाजेल, एवढा भरवसा त्या लोकांनी तबकडीवर टाकला. मला तो भरवसा पटतो.

आता कामाचं. सगळंच ठेव असं मी म्हणत नाही. ज्या सीड्या आजही सहज मिळतात त्या फ्लॅकमध्ये उतरवून घे आणि खुशाल दे. पण दिल्यावर ती प्रत दुसऱ्याची झाली, म्हणून ज्यांच्यावर खरा जीव आहे त्या देऊ नकोस. घरी लिहिलेल्या सीड्यांवर मात्र अजिबात भरवसा ठेवू नको. त्यांतला रंगाचा थर छापील सीडीपेक्षा लवकर खराब होतो, त्या आधी उतरव. त्याहून आधी कॅसेटी. विकतच्या नव्हे, नानांनी बैठकींत स्वतः मुद्रित केलेल्या. त्यांची जगात दुसरी प्रत नाही. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवायची नाही, बाजूला ठेव. रीळ सैल असेल तर हाताने हळू घट्ट करून घे. दाबाची छोटी पट्टी गळून पडलेली असते, ती दुसऱ्या कॅसेटची लावता येते.

लाखेच्या, म्हणजे त्या ७८च्या, रेकॉर्डी स्पिरिटने पुसू नकोस, हे घरात सगळ्यांना बजावून ठेव. लाख त्यात विरघळते. एलपीची सुई त्यांना चालत नाही, ७८ची खोबण बरीच रुंद असते, तिला जाड टोकाची सुई लागते. आणि ७८ची सुई चुकूनही एलपीवर ठेवू नये. एकावर एक थप्पी लावली की खालच्या वाकतात, म्हणून सगळ्या उभ्या, उन्हापासून लांब. प्रत्येक कव्हराचे आणि लेबलाचे फोटो काढ, मधल्या गुळगुळीत भागात कोरलेले आकडेसुद्धा टिपून घे. हे काम वेळखाऊ आहे, पण नानांच्या टिपा सगळ्यांना वाचता येतील त्या यामुळेच.

जागेचं म्हणशील, तर उभ्या लावलेल्या शंभर एलपींना दीड फूट फळी पुरते. वहिनींना एवढंच विचार, दिवाणखान्यात तेवढी एक फळी बसेल का. ७८च्या रेकॉर्डी जड आहेत आणि हलवताना फुटतात, त्या माझ्याकडे राहू देत. यादी करून एक प्रत तुला देईन, हव्या तेव्हा घेऊन जा. टेप डेक आणि जाड सुईचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, माझ्याकडे आहेच, कॅसेटी उतरवायचं कामही मी करतो. फक्त सामान हलवायची तारीख कळव, म्हणजे त्याच्या आधीच्या शनिवारी येतो. तोवर कपाटातल्या कुठल्याच खोक्याला कुणाला हात लावू देऊ नकोस, आणि लेकीला म्हणावं कव्हरांचे फोटो काढायला माझ्याबरोबर बसायचं आहे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझाच,
जुना मित्र