कॉम्प्युटर हँग होतोय, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

दुकानदारानं मशीन न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ असं सांगितलं, हे आईकडून कळलं. इतक्यात पैसे देऊ नका. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, ठपका सगळ्यात शेवटी ठेवायचा असतो, बाकीचे भाग तपासून निर्दोष ठरल्यावर. हे मुद्दाम कागदावर लिहितेय, म्हणजे मशीन बंद असतानाही हाताशी राहील.

बाबा, दुरुस्तीच्या आधी फाइलींची कॉपी काढा. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावा, तीही कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला. पुढचे पोर्ट आतल्या वायरीवर असतात आणि जुन्या मशीनमध्ये तिथे संपर्क तुटतो. सगळं एकदम उचलू नका. आधी सोसायटीचे हिशोब आणि पेन्शनचे कागद, मग आईच्या पाककृती, मग फोटो, आणि शेवटी गाणी-सिनेमे. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती फाइल सोडून पुढे जा. हे पूर्ण होईपर्यंत ‘चेक डिस्क’ (डिस्कची तपासणी) किंवा डीफ्रॅग (डिस्कवरच्या फाइलींची फेरमांडणी) चालवू नका. डिस्क आजारी असेल तर त्या ताणानं ती तिथेच बसेल. फॉरमॅट तर कुणालाही करू देऊ नका.

आता मशीन हँग होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे बघायचं. अडकलं की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. दिवा लागतो-विझतो, माउसही हलतो, पण खिडक्या पांढऱ्या पडून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणतात आणि मिनिटभरानं सगळं परत चालू होतं, असं असेल तर माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर. त्या वेळी कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो, कधी आतून टक-टक आवाज येतो. याउलट माउस जागेवर थिजला, कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, गाणं चालू असेल तर त्याचा एकच तुकडा घरघरत राहिला आणि बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही, असं असेल तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), वीजपुरवठा किंवा बोर्ड बघायचा. आई, तू फोनशेजारच्या वहीत तारीख, वेळ, काय चालू होतं आणि कॅप्स लॉकचं काय झालं, एवढं लिहून ठेव. आठवडाभराच्या नोंदींतून बरंच कळतं.

आपल्या मशीनच्या वयाकडे बघता डिस्कची शक्यता सगळ्यात जास्त. फिरत्या तबकडीवरचा एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तेवढा वेळ विंडोज तिच्याकडे बघत थांबून राहतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा फुकट प्रोग्रॅम टाका. त्यात ‘रॉ व्हॅल्यूज’चे आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे अक्षरं मिसळलेल्या अंकांत, दिसतात. फंक्शन, मग ॲडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूजमध्ये जाऊन ते नेहमीच्या दशमानात करून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होईल. मग तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे अडकून पडलेले सेक्टर. हे दोन्ही शून्य हवेत. सी५ शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर त्या डिस्कवर भरवसा ठेवायचा नाही. तिसरी ओळ सी७. हा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, दोष डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवी केबल आणायची आणि दोन्ही टोकं ‘टक्’ होईपर्यंत बसवायची. केबल बदलल्यावरही सी७चा जुना आकडा कमी होत नाही. तो आणखी वाढत नाही ना, एवढंच बघायचं.

याला दुसरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, मिळतो. स्टार्टमध्ये हे नाव इंग्रजीत टाइप करा, विंडोज लॉग्जमधलं ‘सिस्टिम’ उघडा आणि आईच्या वहीतल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. डिस्क या नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांक, किंवा १२९ क्रमांकाची ‘रीसेट’ची नोंद सापडली, तर संशय डिस्क, केबल किंवा पोर्टवर पक्का होतो. ‘कर्नल-पॉवर ४१’ मात्र मनावर घेऊ नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच ती सांगते, आणि बटण दाबून धरून बंद केलं की ती दर वेळी येणारच. ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) नावाची नोंद दिसली तर फोटो काढून मला पाठवा. ती प्रोसेसर, रॅम किंवा बोर्डाकडे बोट दाखवते.

डिस्क निर्दोष निघाली तर रॅम. आधी प्लग काढा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. झाकण उघडल्यावर कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच रॅमला. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून पट्टी सरळ वर काढा. सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलका फिरवा, कोरड्या सुती कापडानं कण पुसा. पावसाळ्यातल्या दमट हवेनंतर या दातांवर थर चढतो आणि एवढ्यानंच अनेक मशीन सुधारतात. आपल्याकडे दोन पट्ट्या आहेत, म्हणून एका वेळी एकच लावून दोन-दोन दिवस चालवा. एकीवर हँग होतं आणि दुसरीवर त्याच खाचेत होत नाही, तर दोषी सापडली. दोन्हींवर होत असेल तर खाच बदलून बघा. स्टार्टमधून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ही चालवा. त्यात एकही चूक निघाली तर पट्टी बदलायची. चूक निघाली नाही म्हणून पट्टी निर्दोष ठरत नाही, ते रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवल्यावरच ठरवता येतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे बरं झालं ते कधीच कळणार नाही.

झाकण उघडलंच आहे तर धूळही काढा. मऊ ब्रश वापरा, व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, झुळकीनं गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरचा पंखा मात्र उपटू नका. त्याच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या जुन्या होऊन ठिसूळ झालेल्या असतात, आणि तो काढला की खाली नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावावीच लागते. मशीन टेबलाच्या बंद कप्प्यात आहे, ते बाहेर काढा. एप्रिलच्या दुपारी खोलीच तापलेली असते, त्यात त्या कप्प्यातली गरम हवा बाहेर पडत नाही. एचडब्ल्यूमॉनिटर या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर कामाच्या वेळी ७५-८० अंशांपर्यंत ठीक, ९० च्या वर गेलं तर पेस्ट बदलून घ्या. एवढं ध्यानात असू द्या की निव्वळ उष्णतेनं मशीन आधी मंदावतं आणि मग थेट बंद पडतं, थिजत सहसा नाही.

राहिला वीजपुरवठा. सोसायटीचा पंप सुरू होताना किंवा यूपीएस ‘टक्’ करताना हँग होतं का, हे वहीत हवंच. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी काही वर्षांत संपते. गुरुवारी महावितरणनं वीज बंद केली की टेबललॅम्प लावून यूपीएस किती टिकतो ते बघा, कॉम्प्युटर लावून नको. विजा होत नसतील तेव्हा चार दिवस मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. तसं असेल तर बाकी सगळं थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाबा, तुमच्या मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीला ११.४ ते १२.६ आणि लाल वायरीला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडे बरोबर आले तरी जुना एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) भार आल्यावर डळमळू शकतो, त्याची खरी परीक्षा दुसरा लावून बघणं हीच. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्टची वीज साठून राहू शकते.

बोर्डावर एवढंच बघा की उभ्या कपॅसिटरची डोकी फुगलीत का, तपकिरी डाग आहेत का. तसं दिसलं तर दुकानदार बरोबर होता. घड्याळ रोज मागे पडत असेल तर सीआर२०३२ सेल बदला. त्यानं हँग होणं थांबणार नाही, पण तारीख चुकल्यामुळे एखादी साइट उघडत नसेल तर ती उघडेल.

खर्चाचं माझं मत असं. डिस्कच खराब निघाली तर अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घ्या, ५०० जीबी पुरे. उद्या मशीन बदललं तरी ती त्यात वापरता येईल. डीडीआर३ रॅम नव्या मशीनला बसत नाही, म्हणून तिच्यावर जास्त पैसे घालू नका. नवा बोर्ड तर नकोच. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट (सुरक्षेची अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणून आत्तापासूनच बँकेची कामं या मशीनवर करू नका. हिशोब, टायपिंग आणि फोटोंसाठी ते पुष्कळ दिवस चालेल.

दुरुस्तीवाला घरी आला तर मशीन तुमच्यासमोरच उघडायला सांगा, बदललेला जुना भाग मागून घ्या आणि डिस्क त्याच्याकडे ठेवू नका. रविवारी सकाळी आईच्या वहीची पानं आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. ते बघून पुढे काय आणायचं ते सांगते.

तुमची लेक