गाडी धुण्याआधी हे वाच

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू मिहानमधून घरी पोचशील तोवर आमची गाडी वर्ध्याच्या पुढे गेली असेल. आमची म्हणजे रेल्वे. दुसरी फाटकाच्या आत उभी आहे आणि तिची किल्ली या कागदाखाली आहे.

काल जेवताना तू म्हणालीस, "दसऱ्याची गाडी मीच धुते, त्यात काय आहे?" त्यात काय आहे तेच लिहून ठेवतो. तोंडी सांगायला गेलो की तू "हो बाबा, हो बाबा" म्हणत मोबाइल बघत राहतेस, आणि तुझी आई म्हणते, पोरीला गाडी धुवायला सांगून राहिले की बॉयलर सुरू करायला!

पहिलं म्हणजे, दसऱ्याच्या दिवशी धुऊ नको, नवमीला सकाळी धू. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांनी आपल्या लक्ष्मीनगरातले रस्ते पहाटेपासून भरलेले असतात. लोक रात्रभर प्रवास करून येतात, लेकरं कडेवर असतात. दरवर्षीसारखे फाटकाशी पाण्याचे दोन माठ भरून ठेव. बाहेर माणसं पाणी पिऊन राहिली आहेत आणि आत आपण पाइप लावून गाडीला अंघोळ घालतोय, हे मला तरी कधी जमलं नाही.

साडेसहाला सुरू कर. तेव्हा घराची सावली पूर्ण गाडीवर असते. साडेआठनंतर ऊन बोनेटवर येतं, आणि पाऊस गेल्यावरचं आपलं ऑक्टोबरचं ऊन तुला माहीत आहे. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू धुण्याआधीच वाळतो आणि त्याचे डाग बसतात. सुरू करण्याआधी बोनेटला उलटा हात लावून बघ. थंड लागलं तरच पाणी घाल. सावली पाहिजे म्हणून गाडी कडुलिंबाखाली नेऊन धुऊ नको. पुसून होईपर्यंत वरून पानं आणि कबुतरांचा प्रसाद पडेल.

आता धुळीबद्दल. माझी सगळी नोकरी थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, वॉटर ट्रीटमेंटमध्ये गेली, त्यामुळे पाणी आणि राख या दोन गोष्टींवर मी जरा जास्त बोलतो, ते सहन कर. कोळशाची राख हाताला पावडरसारखी मऊ लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर काचेच्या बारीक गोट्या दिसतात. रस्त्यावरची धूळही तशीच असते. तिच्यात सिमेंट आहे, गिट्टीचा चुरा आहे, वाळू आहे. बोटाला मऊ लागणारी धूळ कोरड्या फडक्याखाली आली की पॉलिश पेपर होते. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात त्याला. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मी. चमक जी काय आहे ती तेवढ्यातच.

म्हणून समोरच्या फ्लॅटमधला पोरगा रोज सकाळी एकाच ओल्या फडक्याने आठ गाड्या पुसतो ते बघून मला कसंतरी होतं. त्याचा दोष नाही, त्याला पाणी कोण देतो? पण त्या गाड्या दुपारच्या उन्हात बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा दिसतील.

मी कोणाला नावं ठेवू? 1999 साली आपण पहिली गाडी घेतली, सेकंडहँड मारुती 800, लाल. तू तेव्हा नव्हतीस. पहिला दसरा आला. मी दुपारी बारा वाजता, भर उन्हात, कपडे धुवायची पावडर बादलीत कालवली आणि स्वयंपाकघरातली हिरवी घासणी घेतली. बोनेटवर कबुतराची वाळलेली विष्ठा होती, ती निघेना म्हणून जोर लावला. शेजारचे काका भिंतीवरून बघत होते. म्हणाले, "काऊन भौ, गाडी घासून राहिले का गंज?" (हा किस्सा तुझ्या पुण्याच्या वहिनीला सांगितला तर तिला वाटलं, गाडीला गंज लागला होता. आपला गंज म्हणजे पातेलं, हे तिला आईने ओट्यावरचा गंज दाखवून समजावलं.) मी काकांकडे लक्ष दिलं नाही. विष्ठा निघाली. पाणी मारलं, पुसलं, आणि बोनेटवर तळहाताएवढा चंद्र उगवला होता. लालावर फिक्का चंद्र. गाडी विकेपर्यंत तो तसाच होता, आणि घेणाऱ्याने त्याचे पैसे कापले.

तेव्हा चूक घासणीची वाटली होती. आता वाटतं, घासणी नंतर आली. आधी पाण्याला वेळ द्यायचा असतो, तो मी दिला नाही. तीच विष्ठा मी ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवली असती तर बोटाने सरकली असती. आपल्या निळ्या गाडीच्या छतावर आत्ता दोन ठिकाणी आहे. तिथे आधी ओलं फडकं ठेव आणि खुशाल चहा करून ये. मात्र रोजच्या वापरात ती दिसली की त्याच दिवशी काढायची. उन्हात तापली की रंग खाते.

सामान जिन्याखालच्या लाल टबात आहे. तीन बादल्या आहेत. काळी फक्त चाकांची, तिच्यातला ब्रश गाडीच्या अंगाला लावू नको. चाकांवरची ती काळपट पूड ब्रेकची असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. चाकं आधी उरकून टाक, म्हणजे त्यांचे शिंतोडे धुतलेल्या अंगावर उडत नाहीत.

मग पूर्ण गाडीवर नुसतं पाणी. हात लावायचा नाही, फडकं नाही, काही नाही. छतापासून खाली, चाकांच्या वरच्या कमानीत आतून, नंबर प्लेटच्या मागे. खाली वाहणारं पाणी मातकट असेल. ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसेस्तोवर थांब. माझ्या मते अर्धं धुणं इथेच होतं, आणि लोक नेमका हाच भाग दोन मगात आटोपतात.

आता निळ्या बादलीत पाणी आणि शॅम्पू, बाटलीवर लिहिलाय तेवढाच. जास्त टाकला तर गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त फेस काढत बसावं लागतं. भांड्यांचा साबण वापरू नको. तो तेलकटपणा काढायलाच बनवलेला असतो, आपण दिवाळीत लावतो ते व्हॅक्सही घेऊन जातो. पांढऱ्या बादलीत साधं पाणी. केसाळ हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, छताचा एक भाग पुसायचा, मग मोजा पांढऱ्या बादलीत खळबळून पिळायचा आणि परत शॅम्पूत. प्रत्येक वेळी. कंटाळा येईल. पण शेवटी पांढऱ्या बादलीच्या तळाशी बघ काय साचलंय. ते सगळं नाहीतर तू गाडीवर परत फिरवलं असतंस.

हात सरळ रेषेत फिरव, चपाती लाटल्यासारखा गोल नको. जोर लावू नको, मोज्याचं वजन पुरे. छत, काचा, बोनेट, डिकी, मग दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा भाग आणि बंपर अगदी शेवटी, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथेच असते. एक बाजू झाली की लगेच पाणी मार, दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत ती वाळू देऊ नको. मोजा खाली पडला तर त्या दिवसापुरता तो गेला असं समज. टबात दुसरा आहे.

पाणी कुठलं, हा माझा आवडता विषय. उन्हाळा संपताना कूलरच्या जाळीवर आणि गवतावर पांढरा कडक थर बसलेला असतो ना, जो मी दरवर्षी ठोकून काढतो? ते बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. थर्मलमध्ये हाच थर बॉयलरच्या नळ्यांत बसू नये म्हणून आम्ही पाण्यातले क्षार काढून मगच ते आत सोडायचो. गाडीवर बोअरचं पाणी वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरं कडं उरतं. सुरुवातीचं धुणं बोअरने कर, हरकत नाही. शेवटच्या दोन बादल्या मात्र नळाला येणाऱ्या पेंच धरणाच्या पाण्याच्या वापर. त्या आदल्या रात्रीच भरून ठेव. मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. आपल्या पाइपने 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे अर्धा तास पाइप सुरू राहिला तर 300 लिटर. त्यामुळे मोजा हातात असताना नळ बंद.

धुऊन झालं की लगेच पुसायला घे, वाऱ्यावर सोडू नको. मोठं राखाडी मायक्रोफायबरचं फडकं फक्त त्यासाठी आहे. काचेवर पसरायचं आणि हळूच ओढायचं, रगडायचं नाही. मग दारं उघडून कडा पूस. आरशांच्या आत पाणी लपून बसतं आणि तू आत गेल्यावर ओघळतं, तिथे एक फेरी परत मार. वायपरच्या खाली जी जाळी आहे तिथली कडुलिंबाची पानं हाताने वेच. ती तुंबली की पावसाचं पाणी निघायला जागा राहत नाही. बोनेट उघडून आत पाणी मारायच्या भानगडीत मात्र पडू नको, यूट्यूबवर कोणी काहीही करो.

शेवटी गाडी काढून एक चक्कर मार आणि दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाब, म्हणजे ब्रेक कोरडे होतील. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाच्या आतल्या चकतीवर नारिंगी पापुद्रा दिसला तर घाबरून मला फोन करू नको. तो खरा गंज, वहिनीवाला. दोन ब्रेकमध्ये जातो.

पूजेचं आई सांगेलच, पण माझीही एक अट आहे. कुंकू आणि हळद रंगावर नको, समोरच्या काचेच्या कोपऱ्यात स्वस्तिक काढ. कुंकवाचा रंग पत्र्यावर बसला की निघता निघत नाही. आणि हार सुतळीने बांध, तार नको. मागच्या वर्षी तारेने बंपरवर जी रेघ पडली ती मी कोणाला दाखवली नाही, पण ती आहे. माझ्याच हातची.

नऊ वर्षं ही गाडी माझ्याशिवाय कोणी धुतली नाही. तू लहानपणी मागायचीस तेव्हा मी तुला एक चाक द्यायचो, बाकी नाही. आता खांद्यामुळे छतापर्यंत हात पोचत नाही आणि स्टुलावर चढलेलं आईला दिसलं की ती ओरडते, म्हणून मी गेल्या महिन्यात छत नीट धुतलेलंच नाही. तिथे जरा वेळ दे.

झालं की फोटो पाठव. उन्हात काढलेला पाठव, सावलीतला नको.

तुझा,
बाबा

ता.क. आई म्हणते, तिचा निळा टॉवेल न्हाणीघरात वाळत घातला आहे, तो गाडीला लागला तर ती पुण्याहून परत येईल. फ्रिजमध्ये गोळाभाताचे गोळे आहेत, फोडणी तेवढी गरम करून घे.