माकड वेगळे, वानर वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात माकडांच्या उपद्रवाविषयी तीन बातम्या प्रसिद्ध झाल्या. तिन्हींच्या मथळ्यांत 'माकडांचा उच्छाद' हे शब्द होते आणि तिन्हींसोबतच्या छायाचित्रांत मात्र काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे, लांब शेपटीचे वानर बसलेले होते. त्यांपैकी एका बातमीत तर 'गालात शेंगा कोंबून पळतात' असे शेतकऱ्याचे म्हणणे छापले होते. वानराच्या गालाला पिशवी नसते. म्हणजे नुकसान एकाने केले आणि छायाचित्र दुसऱ्याचे छापले गेले. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवल्यामुळे आणि आता रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी या दोन्ही प्राण्यांच्या शेजारी राहत असल्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटत नाही. मराठीने या दोघांना फार पूर्वीच दोन नावे दिली आहेत आणि प्राणिशास्त्राने त्यांना ज्या दोन उपकुलांत विभागले आहे त्यांच्याशी ती नावे नेमकी जुळतात. इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द चालतो म्हणून आपणही चालवून घ्यावा, याला काही कारण नाही.

फरक पाहायला दुर्बीण लागत नाही. मागच्या कार्तिकात आमच्या खळ्यात भुईमूग वाळत घातला होता. लाल तोंडाचे एक माकड कुंपणावरून उतरले, दोन्ही हातांनी शेंगा तोंडात भरत गेले आणि त्याचे गाल गालगुंड झाल्यासारखे मानेपर्यंत फुगले. माझ्या पत्नीने काठी आपटताच ते पडवीच्या कौलांवर जाऊन निवांत बसले आणि मनगटाच्या मागच्या बाजूने गाल दाबून एकेक शेंग पुढे आणून खाऊ लागले. चोरी करताना चावायला वेळ घालवायचा नाही, माल आधी उचलायचा आणि सुरक्षित जागी जाऊन खायचा, हीच या गालपिशवीची उपयुक्तता आहे. त्याच सकाळी मागच्या उंबरावर वानरांचा कळप होता आणि त्यातील एकाचेही भुईमुगाकडे लक्ष नव्हते. फांदी ओढून घ्यायची, कोवळी पाने ओरबाडायची, चघळायची आणि टरटरीत पोट घेऊन दुपारभर बसून राहायचे, असा त्यांचा क्रम चालू होता. वानराचा अंगठा माकडाच्या मानाने आखूड असतो, त्यामुळे एकेक दाणा चिमटीत धरण्याची सफाई त्याच्यात कमी. फांदी धरायला आणि उड्या मारायला मात्र चार लांब बोटांचा आकडा त्याला पुरतो. वानर शेतात उतरतच नाहीत, असे मी म्हणत नाही. ते तूर, हरभरा खातात, मोहोर आणि कैऱ्याही सोडत नाहीत. परंतु त्यांचा मूळ धंदा पाला खाण्याचा आहे.

या पाला खाण्यासाठी वानराच्या शरीराने जी तजवीज केली आहे ती थक्क करणारी आहे. त्याचे जठर साधी पिशवी नसून अनेक कप्प्यांचे असते आणि पुढच्या कप्प्यांत जीवाणूंकरवी पाला आंबवला जातो, जवळजवळ गाईच्या पोटात घडते तसे. आपल्या अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचे, जीवाणूंचे कवच फोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. गाय आणि वानर यांनी तेच विकर जठरात कामाला लावले आहे, म्हणजे आंबवण्याचे काम संपलेले जीवाणू तेथेच फुटतात आणि त्यांतील पोषण प्राण्याला मिळते. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आपल्याकडच्याच हनुमान वानराचे हे विकर तपासले गेले, तेव्हा गाईच्या विकरात झालेले काही बदल वानराच्या विकरातही स्वतंत्रपणे, त्याच जागी झालेले आढळले. दूरचे नाते असलेले दोन प्राणी एकाच गरजेपोटी एकाच उत्तराशी पोहोचले, याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगायला मला दुसरे मिळाले नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की अशा पोटाला पिकलेली केळी, पेढे आणि बिस्किटे मानवत नाहीत. साखर भराभर आंबते आणि जठरातील आम्लता वाढते. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे वानरांना पेढे भरवणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण पाल्याची डहाळी ठेवली तर ती मारुतीच्या पायाशी अधिक शोभेल.

बंदोबस्ताच्या बाबतीत तर हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. माकडांच्या टोळीत अनेक नर आणि अनेक माद्या एकत्र राहतात. वानरांच्या कळपात आपल्या भागात बहुधा एकच मोठा नर असतो, ज्याला आपण हुप्प्या म्हणतो, आणि बाकीचे नर वेगळी टोळी करून संधीची वाट पाहत हिंडतात. 1960 च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने धारवाड परिसरात, म्हणजे आपल्या सीमेला लागूनच, वानरांचे निरीक्षण केले. नवा नर कळप ताब्यात घेतो तेव्हा तो अंगावरची पिल्ले मारतो, ही गोष्ट त्याने प्रथम नोंदवली. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे मांडले गेले. आता विचार करावा. 'माकड चावते' अशी तक्रार आली, पिंजरा लावून कळपातला हुप्प्या पकडून नेला आणि दूरच्या जंगलात सोडला, तर मोकळ्या झालेल्या जागेवर कोण येईल आणि त्या कळपातील पिल्लांचे काय होईल? उपाय योजण्यापूर्वी प्राणी कोणता हे विचारले जावे एवढीच अपेक्षा आहे, आणि तो प्रश्न बातमीदाराच्या लेखणीपासून सुरू होतो. दिल्लीकरांना हा भेद चांगला ठाऊक आहे. 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी तेथे लाल तोंडाच्या माकडांना पळवण्यासाठी रस्त्याकडेला वानरांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे केले होते.

'लाल तोंडाचे माकड' या एका नावाखालीही दोन जाती येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर दिसते ते टोपीवाले माकड. त्याच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे असतात आणि शेपूट धडाएवढी लांब असते. उत्तर भारतातील ऱ्हीसस माकडाची शेपूट आखूड आणि पाठीचा मागचा भाग तांबूस असतो. तापी आणि गोदावरी ही या दोघांमधली ढोबळ सीमा मानली जात असे. मात्र ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीवाल्याची जागा घेत आहे, हे 2011 साली भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. टोपीवाले माकड फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आढळते. ते गेले तर दुसरीकडून आणता येणार नाही.

माणसासह या सर्वांचा गण एकच. मराठी विश्वकोशाने त्याला 'नरवानर गण' असे सुरेख नाव दिले आहे. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली या गणाला नाव दिले तेव्हा त्यात माणूस, माकड आणि मादागास्करचे लेमूर यांच्याबरोबर वटवाघळेही घातली होती; ती पुढे बाहेर काढावी लागली. पकड घेणारे हातपाय, बोटांना नख्यांऐवजी चपटी नखे, समोर वळलेले डोळे, नाकापेक्षा नजरेवर अधिक भिस्त, शरीराच्या मानाने मोठा मेंदू आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू, ही या गणाची लक्षणे होत. झाडावर राहायला लागल्यामुळे हे सारे घडले, असे आम्ही पूर्वी बिनदिक्कत शिकवत असू. त्याला भीमाशंकरचे शेकरू, म्हणजे मोठी खार, हेच उत्तर आहे. आपला हा राज्यप्राणी आयुष्यभर झाडावर राहतो, लांबलांब उड्या घेतो आणि तरीही त्याला नख्या आहेत, डोळे दोन बाजूंना आहेत, आणि त्याचे कुठेच अडत नाही. मॅट कार्टमिल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात नेमका खारींचाच दाखला देऊन विचारले, की मग समोर वळलेले डोळे कशासाठी? बारीक डहाळ्यांवर रात्री किडे पकडण्यासाठी, असे त्याचे उत्तर होते. दक्षिणेतील जंगलांत राहणारे लोरिस आजही दोन्ही हातांनी झडप घालून किडा पकडते. फुले आणि फळे शेंड्याच्या डहाळ्यांवरच असतात, त्यांच्यासाठी हे बदल झाले असावेत, असे इतर काहींचे म्हणणे आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही. सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत या गणातील सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या, ओंजळीत मावतील एवढ्या प्राण्यांची हाडे मिळाली आहेत, हे आपल्या शेजारचे वैभव किती वाचकांना ठाऊक असेल?

या गणाच्या दोन शाखा आहेत. लोरिस आणि लेमूर हे ओल्या नाकाचे. टार्सियर (आग्नेय आशियातले मोठ्या डोळ्यांचे चिमुकले प्राणी), माकडे, वानर, कपी (शेपूट नसलेले चिंपांझी, गोरिला वगैरे) आणि आपण कोरड्या नाकाचे. कोरड्या नाकाच्या शाखेने क जीवनसत्त्व शरीरात तयार करण्याची क्षमता कधीच गमावली, म्हणून गोठ्यातल्या गाईला आवळा लागत नाही आणि आपल्याला लागतो. फळे आणि पाने खाणाऱ्यांना तो तोटा जाणवला नसावा. उलट आपल्याकडील माकड-वानरांना आणि आपल्याला लाल-हिरव्यातला भेद कळतो, जो कुत्र्याला किंवा गाईला कळत नाही. चैत्रात कुसुंबाला लालभडक पालवी फुटते तेव्हा वानर त्या झाडावर कसे नेमके पोहोचतात, ते पाहिले की या दृष्टीचे मोल समजते.

तिसरा शब्द कपी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांना आपल्याकडे सर्रास 'माकड' छापले जाते. त्यांना शेपूट नसते. त्यांची छाती रुंद असते आणि खांदा असा बसलेला असतो की हात सरळ वर नेऊन लोंबकळता येते. मुंबईच्या लोकलमध्ये वरची कडी धरून तासभर उभा राहणारा प्रवासी हा कपीचाच खांदा वापरत असतो. भारतात माणसाखेरीज कपी म्हणजे ईशान्येतील हुलॉक गिबन, आणि त्याच्यासाठी आसामात जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार अभयारण्य आहे.

'माणूस माकडापासून झाला' हे वाक्यही याच ढिलाईतून येते. 2018 साली औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, अशा आशयाचे विधान केले होते. तसे झाले असे जीवशास्त्रही म्हणत नाही. माकडे आणि कपी यांच्या वाटा अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि चिंपांझीची व आपली सुमारे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी. माकड आपले आजोबा नव्हे, फार दूरचे चुलतभाऊ आहे. अर्थात चुका शास्त्रज्ञांकडूनही होतात. 1930 च्या दशकात शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरून 'रामापिथेकस' हा माणसाचा पूर्वज ठरवला गेला. मी विद्यार्थी म्हणून तसेच पाठ केले आणि शिक्षक म्हणून काही वर्षे तसेच शिकवले. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर चेहऱ्याचे अधिक पूर्ण जीवाश्म मिळाले आणि हा प्राणी ओरांगउटानच्या बाजूचा, 'शिवापिथेकस'च आहे, असे निघाले. रामाच्या नावाचा प्राणी शिवाच्या नावात विलीन झाला आणि आम्ही टिपणे बदलली.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत आंब्याच्या झाडाला शेपटीने लटकलेले माकड वरचेवर काढलेले असते. शेपटीने फांदी धरून लटकणारी माकडे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतात. आपल्याकडचे माकड वा वानर शेपटीचा उपयोग तोल सांभाळायला करते, तिने लटकत नाही. चित्रकारांना तेवढे कळवावे. आणि यापुढे उपद्रवाची बातमी येईल तेव्हा तोंड काळे की लाल, शेपूट लांब की आखूड, एवढे दोन प्रश्न वार्ताहराने संबंधित शेतकऱ्याला विचारावेत. शेतकरी अचूक उत्तर देईल.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
जि. रत्नागिरी