नलूताईसाठी गोळ्या पाठवू नकोस

पुणे

प्रिय मीनल,

तुझं पत्र वाचलं. तिथे अमेरिकेत डॉक्टरांनी तुला वजन उतरवण्यासाठी फेंटरमिन लिहून दिलं, भूक खरंच कमी झाली, आणि उरलेल्या गोळ्या नलूताईसाठी कुणाबरोबर पाठवू का, असं तू विचारतेस. नको पाठवूस. मेसेजवर नुसतं 'नको' लिहिलं असतं तर तुला ते तोडून टाकल्यासारखं वाटलं असतं, म्हणून हे सविस्तर.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत त्याला १९५९ पासून मान्यता आहे. ते मेंदूत नॉरएपिनेफ्रिन वाढवतं, त्यानं भूक मरते. पण त्याच रसायनानं नाडी आणि बीपीही चढतं. म्हणूनच ते काही आठवड्यांपुरतं द्यायचं औषध आहे. हृदयविकार, वाढलेलं थायरॉइड, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नाही. तुझं बीपी तपासून, सगळं विचारून डॉक्टरांनी ते तुला दिलं. ताईची बीपीची गोळी चालू आहे, दोन जिने चढली की तिला धाप लागते. तिला कुणी तपासलंय?

फेन-फेनचं प्रकरण तुला ठाऊक आहे का? फेंटरमिनच्या जोडीला फेनफ्लुरामिन, म्हणजे भूक मारणारं दुसरं औषध. दोन्हींना वेगवेगळी मान्यता होती, एकत्र द्यायला कधीच नव्हती. तरी नव्वदच्या दशकात तिथे लाखो लोकांनी ती जोडी घेतली. १९९७ च्या जुलैत तिथल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ती जोडी घेतलेल्या २४ बायकांची माहिती जाहीर केली. त्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन रक्त उलटं गळत होतं. सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून काढलं, फेंटरमिन राहिलं. ते फेनफ्लुरामिन तिथे १९७३ पासून मिळत होतं गं! इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, याचीच मला धास्ती वाटते.

आपल्याकडे सिब्युट्रामिन या वजन उतरवण्याच्या आणखी एका औषधावर २०११ मध्ये बंदी आली. आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांच्या मोठ्या चाचणीत त्यानं हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढलेले दिसले होते. तरी 'हर्बल' म्हणून विकलेल्या बारीक होण्याच्या कॅप्सूलमध्ये तेच वेळोवेळी सापडलंय. ताईच्या कपाटात तसली एक बिननावाची डबी मी पाहिली. आधी ती बंद करायला हवी.

आता तुझं. गोळी सकाळीच घे, नाहीतर रात्रभर जागी राहशील. झोप उडालीय हे तू मला लिहिलंस, डॉक्टरांना सांगितलंस का? छातीत धडधड वाढली, चालताना दम लागला किंवा पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, त्याच दिवशी त्यांना फोन कर. कोर्स संपला की 'अजून थोडे दिवस' म्हणून मागून घेऊ नकोस. उरलेल्या गोळ्या तिथल्याच फार्मसीत विचारून टाकून दे.

ताईला मी शनिवारी डॉक्टरांकडे नेतेय, ती डबीही बरोबर घेणार आहे. त्याआधी तू तिला फोन कर. वजनाचा विषय मी काढला की ती उठून आत जाते. तुझं ऐकेल.

तुझीच,
सुनंदा